मुलांचा दमा आणि मोबाइलवरचे मेसेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर पुण्यातल्या पालकांकडून मुलांचा दमा, त्याचे पंप (इनहेलर) आणि पंपाची आठवण करून देणारे किंवा डॉक्टरांना पाठवायचे मेसेज यांबद्दल जे प्रश्न येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे अडचणीचे. मूल आत्ता धापा टाकत असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी प्रश्न ८ कडे जा; अचानक ठसका लागून सुरू झालं असेल तर प्रश्न २२ कडे.

१. डॉक्टरांनी फाइलवर ‘व्हीझिंग’ लिहिलंय, दमा म्हणालेच नाहीत. मग हे आमच्यासाठी आहे का?

बहुधा आहे. ‘व्हीझिंग’, ‘अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कायटिस’, ‘बालदमा’ असे शब्द अनेकदा एकाच तक्रारीसाठी वापरले जातात. ५ वर्षांखालच्या मुलांमध्ये डॉक्टर जपून बोलतात, कारण या वयात साध्या सर्दीनेही छाती घरघरते आणि बऱ्याच मुलांचा हा त्रास पुढे कमी होतो. पण शब्द टाळल्याचा तोटा असा, की घरात सगळे ‘कफ झालाय’ समजतात आणि खोकला थांबला की पंपही थांबतो. म्हणून पुढच्या भेटीत सरळ विचारा: ‘तुम्ही याला दमा धरून औषध देताय का? आणि किती महिने?’

२. दोन पंप दिलेत. रोजचा कुठला आणि धाप लागल्यावरचा कुठला?

रोजचा तो प्रिव्हेंटर. त्यात बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं स्टेरॉइड औषध असतं. ते श्वासनलिकांची आतली सूज हळूहळू उतरवतं, त्यामुळे घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही. धापेचा तो रिलीव्हर, म्हणजे सॅल्ब्युटामॉल किंवा लिव्होसॅल्ब्युटामॉल. आवळलेल्या नळ्या तो काही मिनिटांत सैल करतो, सुजेला मात्र हात लावत नाही. रंगावर जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. परमनंट मार्करने एकावर ‘रोज’ आणि दुसऱ्यावर ‘धाप’ लिहा आणि घरातल्या मेसेजमध्येही हेच दोन शब्द वापरा. ‘तो निळा दे’ असं फोनवर सांगितलं की घोटाळा ठरलेला.

अपवाद: काही मुलांना बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल असा एकच पंप रोजसाठी आणि धापेसाठी दिलेला असतो. तसं असेल तर दिवसात जास्तीत जास्त किती पफ चालतील, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

३. मेसेजने दमा कसा काय आटोक्यात येणार?

मेसेजने येत नाही, प्रिव्हेंटरने येतो. मूल बरं दिसायला लागलं की प्रिव्हेंटर विसरला जातो, आणि आठवण करून दिली की तो जास्त नियमित घेतला जातो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. झटके किती कमी होतात याबद्दलचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. त्याचं कारणही उघड आहे. विसरणं मेसेजने सुटतं. चुकीची पद्धत (प्रश्न ५) आणि स्टेरॉइडची भीती (प्रश्न ९) नुसत्या आठवणीने सुटत नाही.

४. रोज सकाळी आठवणीचा मेसेज येतो, तरी पंप राहतोच. काय चुकतंय?

पहिलं पाहा, फोन कुणाकडे आहे. मेसेज जातो हिंजवडीच्या बसमध्ये उभ्या असलेल्या बाबांना, आणि पंप देणारी आजी स्वयंपाकघरात. पंप ज्याच्या हातात, मेसेज त्याच्या फोनवर. आजीला वाचायला जमत नसेल तर प्रश्न १२ पाहा.

मग वेळ. सकाळच्या शाळेचं मूल साडेसहाला व्हॅनमध्ये बसतं आणि आठवण येते आठला. घड्याळापेक्षा ब्रशचा आधार घ्या: स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) ब्रशच्या शेजारी ठेवा, आधी पंप, मग ब्रश आणि चूळ. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायचीच असते, तेही काम त्यातच उरकतं.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेसेज काही विचारतच नाही. ‘औषध वेळेवर घ्या’ हे आठवडाभरात डोळ्यांना दिसेनासं होतं. ‘सकाळचा पंप झाला? १ हो, २ राहिला’ याला उत्तर द्यावं लागतं. ‘२’ आलं तर चिडू नका. एकदा ओरडा बसला की दुसऱ्या दिवसापासून रोज ‘१’ येतं, पंप दिलेला असो वा नसो. राहिलेला डोस दुपारपर्यंत आठवला तर तेव्हा द्या. रात्रीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन्ही डोस एकदम देऊ नका.

५. पंप अगदी नियमित देतो, तरी रात्री खोकला आहेच. औषध बदलून घ्यायचं का?

आधी पद्धत तपासा. मोठ्या मुलांच्या घरीही इथेच घोळ सापडतो. स्पेसरशिवाय थेट तोंडात मारलेल्या पफचा बराचसा भाग घशातच चिकटतो.

योग्य क्रम असा: पंप जोरात हलवा. स्पेसरला लावा. लहान मुलाला मास्क नाकातोंडावर घट्ट बसवा, कडेने हवा निसटता कामा नये. ४-५ वर्षांनंतर मास्क काढून माउथपीस ओठांत धरता येतो. एकच पफ दाबा. नेहमीसारखे ५-६ श्वास घेऊ द्या. स्पेसरची झडप हललेली दिसली पाहिजे. अर्धा मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, मग दुसरा पफ. दोन पफ एकदम मारले तर औषधाचे थेंब एकमेकांना आणि स्पेसरच्या भिंतीला चिकटतात. मूल रडत असेल तर औषध छातीत फारसं पोहोचत नाही, म्हणून आधी मांडीवर घेऊन शांत करा.

स्पेसर आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा आणि तसाच उभा ठेवून वाळवा. फडक्याने आतून पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला ओढलं जातं. मास्क वापरत असाल तर नंतर मुलाचं तोंड ओल्या कपड्याने पुसा.

एकदा पंप देतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढा आणि पुढच्या भेटीत दाखवा. ‘नीट देतो हो आम्ही’ या वाक्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.

६. डॉक्टरांना मेसेज करताना नेमकं काय लिहायचं?

‘डॉक्टर, बाळाला खूप त्रास होतोय, काय करू?’ यावर त्यांना उलट सहा प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यात तास जातो. त्यापेक्षा असं लिहा:

‘नमस्कार डॉक्टर. मुलगी, ६ वर्षं, १९ किलो, फाइल नं. … काल रात्री ११ पासून खोकला, दोनदा उठली. सकाळी ७ ला रिलीव्हरचे २ पफ स्पेसरने, १५ मिनिटांत फरक. आता श्वास मिनिटाला २४. ताप नाही. पूर्ण वाक्य बोलते, दूध प्यायली. प्रिव्हेंटर चालू, परवा रात्रीचा राहिला. आज शाळेत पाठवू का?’

शेवटी एकच प्रश्न, तोही नेमका. राहिलेला डोस लपवू नका, नाहीतर आहे ते औषध कमी पडतंय असं समजून डोस वाढवला जाईल. श्वास मूल शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो.

७. श्वासाचा व्हिडिओ पाठवला तर चालेल का?

चालेल, उपयोगही होतो, फक्त नीट काढलेला हवा. शर्ट काढा, ट्यूबलाइट लावा, गळ्यापासून बेंबीपर्यंतचा भाग दिसू दे, फोन स्थिर ठेवा, ३० सेकंद. टीव्ही आणि पंखा बंद, म्हणजे आवाज ऐकू येईल. चेहऱ्याचा क्लोजअप लागत नाही. व्हिडिओ पाठवून निळ्या टिका उमटायची वाट पाहत बसणं मात्र धोक्याचं आहे.

८. झटका आलाय. मेसेज करू, फोन करू की निघू?

आधी पंप. मेसेज अजिबात नाही.

मुलाला सरळ बसवा, झोपवू नका. डॉक्टरांची लेखी योजना (कुठल्या लक्षणांना काय करायचं, तो कागद) असेल तर त्यात लिहिलेले पफ द्या. नसेल तर रिलीव्हर (सॅल्ब्युटामॉल, १०० मायक्रोग्रॅमचा पफ) स्पेसरने: ५ वर्षांपर्यंत २ पफ, त्याहून मोठ्याला ४ पफ, एकेक करून, प्रश्न ५ मधल्या पद्धतीने. आराम वाटला तर डॉक्टरांना फोन करा. २० मिनिटांत पुरेसा फरक नसेल किंवा त्रास परत वाढला तर तोच डोस पुन्हा द्या आणि दवाखान्याकडे निघा. पहिल्या तासात असं तीनदा देता येतं. हात थरथरणं, छाती धडधडणं रिलीव्हरने होतं; त्या भीतीने डोस अर्धवट सोडू नका.

पुढचं काहीही दिसलं तर २० मिनिटंही थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मुलांच्या इमर्जन्सीला न्या, आणि वाटेत पफ देत राहा:

- एका दमात वाक्य पूर्ण होत नाही, तान्हं बाळ दूध ओढत नाही
- बरगड्यांमधली कातडी किंवा गळ्याखालचा खळगा आत ओढला जातो
- श्वास मिनिटाला ४० च्या वर (१ ते ५ वर्षं) किंवा ३० च्या वर (५ वर्षांनंतर)
- ओठ निळसर, मूल गळून गेलेलं किंवा गुंगीत
- घरघर अचानक थांबली, पण मूल सुधारलेलं दिसत नाही. नळ्यांतून हवाच जात नसेल तर आवाजही येत नाही

कोविडच्या काळातला ऑक्सिमीटर घरात असेल तर लावा, पण मोठ्यांची क्लिप छोट्या बोटावर नीट बसत नाही. आकडा ९२ च्या खाली असेल तर लगेच निघा. आकडा चांगला आहे पण वरची लक्षणं दिसताहेत, तरीही निघा. दवाखान्यात पोहोचल्यावर ‘किती वाजता किती पफ’ हा प्रश्न हमखास येतो. घरच्या ग्रुपवर ‘९.१० ला ४, ९.३० ला ४’ एवढं टाकून ठेवलं की पुरतं.

९. पंपाची सवय लागते का? आणि स्टेरॉइडने उंची खुंटते का?

व्यसन लागावं तशी सवय लागत नाही. पंप बंद केल्यावर त्रास परत येतो, तो आतली सूज उरलेली असते म्हणून.

उंचीचं उत्तर ‘अजिबात नाही’ असं देणं खोटं ठरेल. पहिल्या वर्षात वाढ साधारण अर्धा सेंटीमीटर कमी होते. वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांत मोठेपणीच्या उंचीत सेंटीमीटरभराचा फरक नोंदला गेला आहे. दुसऱ्या पारड्यात काय, तेही बघा. प्रिव्हेंटर सोडल्याने झटका आला तर २० किलोच्या मुलाला तोंडाने प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त द्यावं लागतं, म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. बुडेसोनाइडचा पंप बहुतेक मुलांना दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम देतो. दोन्ही औषधं वेगळी, त्यामुळे थेट भागाकार करू नका. अंदाज येण्यापुरतं हे पुरे.

१०. केळं, दही, आइस्क्रीम बंद करायचं का?

सरसकट नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास होत असेल तर तेवढाच टाळा आणि डॉक्टरांना सांगा.

११. व्हॉट्सअ‍ॅप बरं की साधा एसएमएस?

व्हिडिओ, व्हॉइस मेसेज आणि योजनेचा फोटो यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप. रोजची आठवण आणि गावाकडची सोय म्हणून एसएमएस, कारण मे महिन्यात कोकणात आजोळी गेल्यावर इंटरनेट नसतं तिथेही तो पोहोचतो. प्रवासाला निघण्यापूर्वी योजनेचा मजकूर एसएमएस म्हणूनही फोनमध्ये ठेवा.

१२. दिवसभर मूल आजीकडे असतं. त्यांना मेसेज वाचता येत नाहीत.

मग लिहू नका, बोला. ‘आई, दुपारी खोकला आला तर ‘धाप’ लिहिलेला पंप, मास्क लावून दोन वेळा, आणि लगेच मला फोन’ असा पंधरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज एकदा पाठवून स्टार करून द्या. रोजच्या पंपासाठी कालनिर्णयच्या चौकटीत सकाळी एक आणि रात्री एक खूण. पंप दिला की मिस्ड कॉल, हेही छान चालतं.

आजीचा विरोध असेल (‘एवढ्याशा पोराला कसला पंप!’) तर सून-मुलाने वाद घालण्यापेक्षा पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर त्यांच्या हातून एक डोस द्यायला लावा. त्यांची ओवा-लसणाची पोटली राहू द्या, पण अंगावर चटका नको आणि पंपाऐवजी नको. धूप, अगरबत्ती आणि डासांची कॉइल मात्र मूल असलेल्या खोलीत नको, हे ठाम सांगा.

१३. शाळेला काय कळवायचं?

जूनमध्ये शाळा उघडते त्या आठवड्यातच वर्गशिक्षिकेला योजनेची एक प्रत, नाव लिहिलेला जास्तीचा रिलीव्हर आणि स्पेसर द्या. पंप ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात जाणार असेल तर चावी कुणाकडे, ते विचारून घ्या. मेसेज चार ओळींचा पुरे: कुठली लक्षणं, किती पफ, कुणाला फोन, किती मिनिटांत फरक नसेल तर १०८. तोच मेसेज व्हॅनवाल्या काकांनाही. पीटी बंद करायला सांगू नका; धावल्यावर धाप लागत असेल तर खेळाच्या १०-१५ मिनिटं आधी पफ द्यायचा का, ते डॉक्टरांना विचारा.

१४. पंपात औषध उरलंय का, हे कसं ओळखायचं?

हलवून किंवा पाण्यात तरंगवून कळत नाही. औषध संपल्यावरही नुसता गॅस फसफसत राहतो. काही पंपांना काउंटर असतो. नसेल तर हिशोब करा: २०० पफचा पंप, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ, म्हणजे ५० दिवस. १२० पफचा असेल तर ३०. सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहा आणि संपायच्या आठवडाभर आधीची आठवण फोनमध्ये लावा.

१५. पुण्यात कुठल्या दिवसांत जास्त सांभाळायचं?

जुलै ते सप्टेंबर ओल आणि भिंतीवरची बुरशी; कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून मागे बघा. पावसाळा सरताना मोकळ्या प्लॉटवर माजलेलं गाजर गवत. मग दिवाळीचे फटाके. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा खाली बसते आणि सोसायटीच्या गेटवरची शेकोटी, जाळलेला कचरा, वाहनं यांचा धूर तिच्यात अडकतो. सकाळी सहाचा क्रिकेटचा क्लास या दोन महिन्यांत संध्याकाळचा करून घ्या. बाल्कनीतल्या कबुतरांना तर बारा महिने बंदी हवी. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेवर शहराची हवा पाहता येते. हवेचा निर्देशांक (एक्यूआय) १०० च्या वर गेला की दम्याच्या मुलांना त्रास संभवतो.

‘हवा खराब आहे, काळजी घ्या’ एवढाच मेसेज ग्रुपवर फिरवण्यात अर्थ नाही. काय करायचं ते त्यात हवं: ‘आज बाहेर खेळ नको, ‘धाप’ पंप दप्तरात.’

१६. रोजची आठवण बंद केली तर दमा आटोक्यात आहे हे कळणार कसं?

दोनेक महिन्यांत सवय बसली की रोजचे मेसेज थांबवा आणि रविवारी चार प्रश्न स्वतःलाच पाठवा: या आठवड्यात दिवसा दोनपेक्षा जास्त वेळा त्रास? रिलीव्हर दोनपेक्षा जास्त वेळा? दम्याने रात्री जाग? खेळणं अडलं? ५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पहिल्या दोन प्रश्नांत ‘दोनपेक्षा’ऐवजी ‘एकापेक्षा’ धरा. चार आठवड्यांची उत्तरं बघा. सगळी ‘नाही’ असतील तर आटोक्यात. एक-दोन ‘हो’ असतील तर अर्धवट. तीन-चार असतील तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवा. ही उत्तरं प्रश्न ६ मधल्या मेसेजला जोडली की डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

१७. तीन महिने एकही त्रास नाही. पंप बंद करू का, असं मेसेजवर विचारलं तर?

विचारा, पण निर्णय तपासणीतच होऊ द्या. तीन महिने आटोक्यात राहिल्यावर डोस कमी करण्याचा विचार डॉक्टर करतात. एकदम बंद नाही, आणि शक्यतो पावसाळ्याच्या किंवा थंडीच्या तोंडावर नाही.

१८. मॉन्टेल्युकास्टची गोळी सुरू झाल्यापासून मुलगा रात्री ओरडत उठतो. संबंध असेल का?

असू शकतो. भयानक स्वप्नं, चिडचिड, वागण्यातला बदल, उदासी यांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये या औषधावर ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे ते लिव्होसेट्रिझिनसोबत एकाच सिरपमध्ये सर्रास मिळतं, त्यामुळे ‘सर्दीचं औषध’ म्हणून लक्षातही येत नाही. बाटलीवरचं नाव वाचा, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पंप मात्र चालू ठेवा.

१९. पालकांच्या ग्रुपवर प्रिस्क्रिप्शनचे फोटो येतात. वापरले तर?

नको. वजन वेगळं, पंपाची ताकद वेगळी. दर जूनमध्ये मृगाच्या वेळच्या हैदराबादच्या माशाच्या औषधाचा मेसेजही फिरतो. त्याचा दम्यावर उपयोग सिद्ध झालेला नाही. आणि तेवढ्यासाठी प्रिव्हेंटर थांबवला तर तो नेमका पावसाच्या सुरुवातीला थांबतो.

२०. मुलगी चौदा वर्षांची आहे. मेसेज तिला की आम्हाला?

तिला. तुम्हाला फक्त रविवारची चार उत्तरं. दिवसातून तीनदा ‘पंप घेतलास?’ विचारलं की ती घेणं लपवते किंवा न घेणं लपवते.

२१. आमच्या क्लिनिकला पालकांना असे एसएमएस पाठवायचे आहेत. कुठे अडतं?

ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा आधी डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदवावा लागतो. त्या हेडरवरून गेलेल्या एसएमएसला पालक उत्तर देऊ शकत नाहीत, त्यामुळे ‘१ किंवा २’ हवं असेल तर वेगळा दहा आकडी नंबर किंवा मिस्ड कॉलचा नंबर घ्या, आणि उत्तरात इंग्रजी व मराठी दोन्ही आकडे ओळखले जातील हे तपासा. देवनागरी एसएमएस ७० अक्षरांचा असतो, इंग्रजीसारखा १६० चा नाही. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. प्रश्न ४ मधला मेसेज ७० मध्ये बसतो. स्क्रीनवर कुणालाही दिसेल अशा मजकुरात मुलाचं नाव आणि आजार एकत्र लिहू नका. लागोपाठ तीनदा ‘राहिला’ आलं तर फोन कोण करणार, ते आधी ठरवा. माणूस नेमता येत नसेल तर उत्तर मागूच नका. आणि हा नंबर तातडीसाठी नाही, हे पहिल्याच मेसेजमध्ये.

२२. दोन वर्षांचा मुलगा. सर्दी नाही, काही नाही, खेळता खेळता ठसका लागला आणि घरघर सुरू झाली. पंप देऊन बघू?

जवळपास शेंगदाणे, फुटाणे, मण्यांसारखं काही पडलं होतं का? ताप-सर्दीशिवाय अचानक ठसका आणि मग घरघर, विशेषतः छातीच्या एकाच बाजूला, म्हणजे श्वासनलिकेत काहीतरी अडकलं असण्याची शक्यता आधी धरायची, मुलाला पूर्वीपासून दमा असला तरी. पंपावर वेळ घालवू नका, तोंडात बोट घालू नका, खायला-प्यायला देऊ नका. श्वासनलिकेत बघायच्या दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात लगेच न्या आणि ‘ठसका किती वाजता, खात काय होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा. थोड्या वेळाने खोकला थांबला तरी जा. दाणा खाली सरकला की मूल काही तास अगदी ठीक दिसतं.